जुनी मिल (सोलापूर)

जुनी मिल (अधिकृत नाव: सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी लिमिटेड) ही सोलापूर शहरातील बंद पडलेली कापड गिरणी होय. या गिरणीवरील सरकारी ताब्याचे खटले भारतीय घटनात्मक कायद्यात महत्त्वाचे मानले जातात.

स्थापना
१८६० साली मोहोळमार्गे रेल्वे सोलापुरात पोहोचली. त्यानंतर १८७४ साली मुंबईचे उद्योगपती मोरारजी गोकुळदास यांनी या गिरणीची स्थापना केली. शहरातील ही पहिली कापड गिरणी होती. मुरारजी पेठ हे नाव त्यांच्यावरूनच पडले.

सरकारी ताबा व खटले
ऑगस्ट १९४९ मध्ये संचालकांनी गिरणी बंद केल्याने कामगार बेकार झाले आणि कापडाचे उत्पादन थांबले. केंद्र सरकारने ९ जानेवारी १९५० रोजी वटहुकूम काढून व्यवस्थापन ताब्यात घेतले. त्याच वर्षी संसदेने तसा कायदा केला. चरणजितलाल चौधरी या भागधारकाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५० मध्ये ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळली. मात्र द्वारकादास श्रीनिवास खटल्यात डिसेंबर १९५३ मध्ये न्यायालयाने, भरपाई न देता असा ताबा घेणे म्हणजे कंपनीची मालमत्ता हिरावणे होय, असा निर्णय देऊन तो कायदा घटनाबाह्य ठरवला.

परिणाम
१९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक हितासाठी मर्यादित काळापुरते व्यवस्थापन ताब्यात घेणाऱ्या कायद्यांना कलम ३१अ अन्वये संरक्षण दिले.

सद्यस्थिती
१९६० च्या दशकात गिरणी कायमची बंद झाली. तिचा परिसर आजही ‘जुनी मिल कंपाउंड’ या नावाने ओळखला जातो.