भिंत कोणाची, ड्रिल कोणासाठी?

आजचा एपिसोड एका पडद्याच्या रॉडपासून सुरू होतो.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी मी पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये खिडकीवर रॉड लावायला निघालो. आता इंजिनिअर माणूस म्हटल्यावर आधी एक्सेल शीट आली. अकरा मॉडेल्स, व्होल्ट, वॅट, आरपीएम, रेटिंग, किंमत, सगळं भरलं. शेवटी एक देखणं कॉर्डलेस ड्रिल मागवलं. रविवारी सकाळी स्टुलावर चढलो, चाप ओढला आणि पाच मिनिटांत जेमतेम अर्धा सेंटीमीटर आत गेलो. बिटचं टोक काळं पडलं, भिंत तशीच. मग सोसायटीतल्या इलेक्ट्रिशियन दादांना बोलावलं. त्यांनी एक जुनं, धुळीने माखलेलं मशीन लावलं आणि दोन मिनिटांत चार भोकं पाडली. जाताना म्हणाले, "सर, खिडकीच्या वर लिंटेल असतं. काँक्रीट आहे ते. त्याला असलं खेळणं चालत नाही."

खेळणं! लागलं ते मनाला. पण त्यावरून एक प्रश्न पडला. माझं मशीन वाईट होतं, की दुसऱ्याच कोणाच्या भिंतीसाठी बनलेलं होतं? उत्तर शोधायला जरा मागे जावं लागतं.

वीज येण्याआधीही भोकं पाडली जातच होती. आपल्याकडे सुताराजवळ गिरमिट असायचं आणि सामता असायचा. सामता म्हणजे दांडीला दोरीचा वेढा, आणि ती दोरी कमानीने पुढेमागे ओढायची. म्हणजे मोटर कोण? तर स्वतः सुतार.

1889 मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या आर्नोट आणि ब्रेन या दोघांनी विजेवर चालणाऱ्या ड्रिलचं पेटंट घेतलं. पण ते होतं खडक आणि कोळशासाठी. हातात धरता येईल असं इलेक्ट्रिक ड्रिल आलं 1895 मध्ये, जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या फाइन कंपनीकडून. वजन साडेसात किलोंच्या आसपास. दोन्ही बाजूंना मुठी, मागे छातीने रेटायला पाटी. हे यंत्र कारखान्यातल्या धातूसाठी होतं. जड लोखंडी भाग मशीनपर्यंत उचलून नेण्यापेक्षा मशीनच त्या भागापर्यंत न्यायचं, ही त्यामागची कल्पना.

पुढचा मोठा टप्पा अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा. डंकन ब्लॅक आणि अलॉन्झो डेकर यांनी 1910 मध्ये कंपनी काढली. भांडवलासाठी ब्लॅकने स्वतःची मोटारगाडी 600 डॉलरला विकली. 1914 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि 1917 मध्ये ते मिळालं. त्यात नवीन काय होतं? पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली चाप. आज तुम्ही कुठलंही ड्रिल हातात घ्या, आकार तोच आहे. शंभरहून जास्त वर्षं झाली, तो इंटरफेस कोणी बदललेला नाही. आम्ही ॲपमधलं एक बटण सहा महिनेही एका जागी ठेवत नाही!

पण तेव्हाही गिऱ्हाईक होतं कारखाना. घर गिऱ्हाईक झालं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धकाळात कामगार कारखान्यातली ड्रिल घरी नेऊ लागले आणि त्यावरून कंपनीला नव्या बाजाराची चाहूल लागली, अशी गोष्ट सांगतात. 1946 मध्ये ब्लॅक अँड डेकरने पाव इंची घरगुती ड्रिल आणलं. किंमत 16.95 डॉलर.

इथे जरा थांबा. पाव इंच म्हणजे साधारण सहा मिलिमीटर. अमेरिकेतलं सर्वसाधारण घर म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर पातळ बोर्ड. त्या घराला एवढं ड्रिल भरपूर झालं. 'घरगुती' या शब्दात कोणाचं घर धरलं होतं, ते लक्षात आलं ना?

मग 1961 मध्ये त्याच कंपनीने निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालणारं कॉर्डलेस ड्रिल आणलं. ताकद बेताची, पण वायर गेली. ते नासाने चंद्रासाठी शोधलं, असं फॉरवर्ड तुम्हालाही आलं असेल. ते खरं नाही. ड्रिल आधी आलं, नासाचं काम नंतर. चंद्रावरची गोष्ट मात्र खरी आहे आणि कामाची आहे. 1971 मध्ये अपोलो 15 चा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट बॅटरीच्या ड्रिलने चंद्राच्या जमिनीत भोक पाडत होता. ठरलेल्या खोलीपर्यंत ते गेलंच नाही. अडलं कुठे? मोटरपाशी नाही. बिटच्या दांड्यांच्या जोडापाशी भुसा वर यायला नीट वाट नव्हती, म्हणून ते गच्च बसलं. अपोलो 16 साठी तो दांडा बदलला आणि काम झालं. थोडक्यात, मशीन बघण्याआधी बिट बघा. हा धडा चंद्रावरून आलेला आहे!

आता आपल्या भिंतीकडे येऊ. इथे वीट आहे, काँक्रीट आहे. यांना नुसतं फिरणं पुरत नाही, ठोका लागतो. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि मिनिटाला हजारो बारीक ठोके देतात. जोर तुमच्या खांद्याचा. विटेला हे चालतं. रोटरी हॅमरचं तंत्र वेगळं. आत पिस्टन असतो, तो हवेची उशी दाबतो आणि ती हवा ठोकळ्याला पुढे फेकते. ठोके कमी, पण प्रत्येक ठोका जड. बॉशने 1932 मध्ये असा हॅमर बाजारात आणला. बिट नुसतं खटकन आत बसवायची एसडीएस पद्धत 1970 च्या दशकातली. दादांचं धुळकट मशीन याच घराण्यातलं.

आपल्या हार्डवेअरच्या दुकानातही हा इतिहास बोलीत जिवंत आहे. 'रावल प्लग' द्या म्हणतो ना आपण? कोणी रावल नव्हे, लंडनचा जॉन रॉलिंग्ज. 1911 च्या सुमारास ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींची नासधूस न करता विजेची फिटिंग बसवायची होती, त्यातून त्याला तो प्लग सुचला. आणि 'विडिया'चं बिट? जर्मनीत क्रुप कंपनीने 1920 च्या दशकात कार्बाइडला दिलेलं हे नाव. अर्थ, 'हिऱ्यासारखं'. दुकानदाराला हे माहीत असो वा नसो, शब्द टिकला.

तर माझ्या एक्सेल शीटमध्ये काय चुकलं? पहिलं म्हणजे वॅट. तो आकडा मशीन किती वीज खातं ते सांगतो, टोकाला किती ताकद पोचते ते नाही. दुसरं, व्होल्ट. '20 व्होल्ट मॅक्स' आणि '18 व्होल्ट' ही बहुतेक वेळा तीच पाच सेलची बॅटरी. पूर्ण चार्ज झाल्याझाल्या मोजली तर 20, काम करताना 18. तिसरं, हॅमरची खरी तुलना ठोक्याच्या ज्यूलमध्ये होते. दोन ते तीन ज्यूलचा छोटा रोटरी हॅमर घरच्या काँक्रीटला पुरतो. माझ्या शीटमध्ये ज्यूलचा रकानाच नव्हता. आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना, 'माझी भिंत कशाची आहे?', तोही नव्हता.

फर्निचर जोडायचं, स्क्रू पिळायचे, लाकडात भोक पाडायचं, तर कॉर्डलेस घ्या, उत्तम आहे. विटेच्या भिंतीला इम्पॅक्ट ड्रिल चालेल. लिंटेल, स्लॅब, कॉलम असेल तर रोटरी हॅमर हवा. पण वर्षातून दोन भोकांसाठी तो विकत कशाला? दिवसभराच्या भाड्याने आणा, किंवा सोसायटीत सगळ्यांनी मिळून एक घ्या. छोटं वर्कशॉप काढणाऱ्याने मात्र मशीनइतकंच बघावं की कार्बन ब्रश आणि स्पेअर आपल्या गावात मिळतात का. आणि हो, डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. काँक्रीटची ती बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते. दादांच्या चेहऱ्यावर मास्क नव्हता. रोज वीस भिंती फोडणारा तो माणूस, आणि स्टुलाखाली उभं राहून रुमाल नाकाला लावणारा मी.

पुढच्या वेळी ते आले तेव्हा मी त्यांच्यासाठी मास्कचं पाकीट आणून ठेवलं होतं. हसले. म्हणाले, "आता तुमचं खेळणं आणा, स्क्रू त्यानेच पिळू." आणि खरं सांगतो, स्क्रू त्याने झकास पिळले गेले.

तुमच्या घरी कुठलं मशीन धूळ खात पडलंय? कमेंटमध्ये कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!