म्हातारचळाला आजार म्हणायला लागलेली सत्तर वर्षं

'साठी बुद्धी नाठी' या म्हणीत एक वैद्यकीय सिद्धांत दडलेला आहे, हे मला अल्झायमरच्या आजाराचा इतिहास वाचताना जाणवलं. वय झालं की बुद्धी जाणारच, त्यात विचारण्यासारखं काही नाही आणि करण्यासारखं तर नाहीच, असा तो सिद्धांत. आपल्याला वाटतं, ही आजीच्या पिढीची समजूत. पण युरोप-अमेरिकेतले नावाजलेले डॉक्टरही विसाव्या शतकाचा बराच काळ साधारण हेच मानत होते. आणि याच्या उलट पुरावा त्यांच्या हातात अगदी सुरुवातीपासून होता.

गोष्ट सुरू होते ती मात्र साठी न गाठलेल्या बाईपासून. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत नोकरीला. आधी ती त्याच्यावर संशय घ्यायला लागली, मग स्वयंपाक बिघडायला लागला, वस्तू कुठेतरी लपवून ठेवायला लागली. दुसऱ्या दिवशी डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिला प्रश्न विचारले आणि उत्तरं लिहून ठेवली. नाव? आउगुस्टे. आडनाव? आउगुस्टे. नवऱ्याचं नाव? बहुतेक आउगुस्टे. दुपारी ती डुकराचं मांस आणि फ्लॉवर खात होती. काय खाताय विचारलं, तर म्हणाली, पालक. मी स्वतःला हरवून बसलेय, असंही ती म्हणायची. (हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, कारण तिची हरवलेली फाइल १९९५ मध्ये फ्रँकफर्टलाच सापडली.)

एप्रिल १९०६ मध्ये ती वारली. तोवर अल्झायमर म्युनिकला एमिल क्रेपेलिन या बड्या मनोविकारतज्ज्ञाच्या हाताखाली काम करत होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला, पातळ काप केले, चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. पेशींच्या बाहेर साचलेले डाग आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते दिसले. आज त्यांना प्लाक आणि टँगल म्हणतात. नोव्हेंबरमध्ये ट्यूबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे सांगितलं, तेव्हा एकाही श्रोत्याने प्रश्न विचारला नाही.

त्याच सुमारास प्रागमध्ये ऑस्कर फिशर नावाचे डॉक्टर म्हाताऱ्या माणसांचे मेंदू तपासत होते. म्हातारपणी स्मृतिभ्रंश झालेल्या १६ जणांपैकी १२ जणांच्या मेंदूत त्यांना तेच डाग दिसले. हे त्यांनी १९०७ मध्ये छापलं. म्हणजे पन्नाशीतल्या आउगुस्टेच्या मेंदूतली खूण ऐंशीतल्या आजोबांच्या मेंदूतही होती. दोन्ही निरीक्षणं शेजारी ठेवली असती, तर पुढची सत्तर वर्षं वाचली असती.

झालं उलटंच. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात 'अल्झायमरचा आजार' हे नाव दिलं, पण ते लवकर वयात येणाऱ्या दुर्मीळ रोगापुरतं. म्हातारपणातला विसर वेगळ्या खणात गेला. असं का, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. प्रागच्या प्रयोगशाळेशी असलेली स्पर्धा हे एक कारण सांगितलं जातं. कारण काहीही असो, परिणाम मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पन्नाशीतली बाई विसरली तर तो रोग, सत्तरीतली विसरली तर ते वय! फिशर विस्मरणात गेले. ते ज्यू होते. १९४२ मध्ये नाझींच्या तेरेझिन इथल्या कैदेत त्यांचा अंत झाला.

ही भिंत पहिल्यांदा खिळखिळी केली ती इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी. वृद्ध रुग्णांची स्मृती हयातीतच मोजायची, मृत्यूनंतर मेंदूतले प्लाक मोजायचे आणि दोन्ही आकडे ताडून पाहायचे, एवढं साधं काम. जितके प्लाक जास्त तितकी अवस्था वाईट, हे १९६८ मध्ये प्रसिद्ध झालं. मग १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन या अमेरिकी डॉक्टरांनी जेमतेम दोन पानांचं संपादकीय लिहिलं. वयाची रेघ पुसा, दोन्ही आजार एकच आहेत, आणि तसं मोजलं तर हा अमेरिकेतल्या मृत्यूंचं चौथं किंवा पाचवं कारण ठरेल, असं त्यांचं म्हणणं. एका रेघेमुळे दुर्मीळ रोग लाखो घरांचा रोग झाला.

नशीब म्हटलं की कुणी कारण शोधत नाही. रोग म्हटलं की शोधावं लागतं. १९८६ मध्ये डेव्हिड स्नोडन यांनी अमेरिकेतल्या नन्सचा अभ्यास सुरू केला. एकसारखं जेवण, एकसारखी दिनचर्या, दारू-सिगारेट जवळपास नाही. ७५ ते १०२ वयाच्या ६७८ नन्सनी दरवर्षी चाचण्या द्यायचं आणि मृत्यूनंतर मेंदू द्यायचं कबूल केलं. काहींनी विशीत मठात येताना लिहिलेली आत्मवृत्तं कपाटात जपलेली होती. ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी कमी, त्यांना साठ वर्षांनी हा आजार जास्त झालेला दिसला. हा निष्कर्ष 'डायरी लिहा, अल्झायमर टाळा' असा फिरवला जातो, तो चुकीचा आहे. विशीतला मेंदू आधीच कमजोर होता की भाषेने पुढे बळ दिलं, हे त्यावरून ठरत नाही.

मला त्याहून मोलाची वाटते ती १९९७ ची नोंद. मेंदूत प्लाक आणि गुंते भरपूर असूनही काही नन्स शेवटपर्यंत शहाण्यासुरत्या राहिल्या. पण ज्यांच्या मेंदूत त्याच्या जोडीला रक्तवाहिनी तुंबून झालेले छोटे आघात होते, त्यांची स्मृती ढासळण्याचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. म्हणजे प्लाक आपल्या हातात नसले, तरी रक्तदाब आहे. प्लाक साचायला लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीच सुरुवात होते, हेही आता माहीत आहे. म्हणून हा विषय आजोबांइतकाच तुमच्या चाळिशीतल्या मावशीचा आणि तिच्या न तपासलेल्या साखरेचा आहे. २०२४ मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचे बदलता येण्याजोगे १४ धोके मोजले. त्यात रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आहेतच; शिवाय कमी ऐकू येणं, एकटेपणा आणि प्रदूषित हवाही आहे. हे सगळे दूर करता आले, तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे.

कमी शिक्षण हाही त्यातला एक धोका. पण नव्वदच्या दशकात दिल्लीजवळ बल्लभगडच्या खेड्यांत, जिथले बहुतेक वृद्ध शाळेची पायरीही चढले नव्हते, भारतीय आणि अमेरिकी संशोधकांना अल्झायमरचं प्रमाण जगातल्या तोवरच्या सर्वांत कमी नोंदींपैकी एक आढळलं. एक कारण जनुकांत असावं: धोका वाढवणारा एपीओई-४ हा प्रकार तिथे कमी होता. दुसरं, आजार झाल्यावर माणसं फार जगत नसावीत. आणि हे सगळं मोजण्यासाठी आधी लिहायला-वाचायला सांगणारे प्रश्न बदलून, निरक्षरांसाठी हिंदीत नवी चाचणी बसवावी लागली होती.