गुणगुण, घोडी आणि मींड : शिवडीतील एका विद्युत गिटारीचे मूल्यमापन

वाद्याचे मूल्यमापन करायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला वरवर पाहता परका वाटेल. परंतु कवितेचे वा कादंबरीचे मूल्य ठरवताना जी गृहीतके आपण न तपासता वापरतो, ती वाद्याच्या बाबतीत अधिक उघडी पडतात. वाद्य ही वस्तू असते; तिच्यात लाकूड, तार आणि लोखंड असते, आणि तिच्यातील प्रत्येक सुधारणेची काही ना काही किंमत कोणीतरी मोजलेली असते. म्हणून एका गिटारीच्या निमित्ताने हा विषय मांडण्याचे आम्ही ठरवले.

गिटार आमची नव्हे. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याने ती सेकंडहँड घेतली आणि "सर, फसलो तर नाही ना, एकदा ऐकून सांगा," असे म्हणून आम्हांला घरी नेले. आमच्यापैकी एकाने काही वर्षे सतार शिकलेली, दुसऱ्याचा वाद्यांशी संबंध केवळ पुस्तकी. अशा परीक्षकांनी दिलेला निकाल वाचकांनी बेतानेच घ्यावा. मात्र निकालापर्यंत जाताना जो इतिहास तपासावा लागला, तो आम्हांला निकालाहून महत्त्वाचा वाटतो.

१

बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्या खोलीत एक छोटा अँप्लिफायर, डोक्यावर ट्यूबलाइट, कोपऱ्यात फ्रिज. विद्यार्थ्याने गिटारीची वायर जोडली, आवाजाचे बटण वाढवले आणि काहीही न वाजवता थांबला. शांतता होती. मग त्याने गिटारीवरचे एक बटण वर ओढले. लगेच खोलीत एक खालच्या पट्टीतली, सलग गुणगुण सुरू झाली. बटण पुन्हा दाबले, गुणगुण गेली.

या प्रात्यक्षिकात गिटारीच्या इतिहासाचे एक प्रकरण सामावलेले आहे. विद्युत गिटारीच्या तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. यालाच पिकअप म्हणतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो. पण वेटोळ्याला तारेचा कंप आणि भिंतीतील विजेचा कंप यांतला भेद कळत नाही. घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते, आणि पिकअप तीही इमानाने उचलतो. पाश्चात्त्य स्वरनामांत सांगायचे तर ही गुणगुण खर्जातल्या 'जी'च्या आसपास बसते. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, म्हणून तिथली गुणगुण थोडी चढी. न मागितलेला तानपुराच म्हणा, पण गायकाच्या पट्टीशी देणेघेणे नसलेला.

गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर या अभियंत्याने यावर जो उपाय काढला, त्याच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज झाला, १९५७ पासून तो गिटारींवर बसू लागला आणि पेटंट १९५९ मध्ये मिळाले. उपाय असा : एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी ठेवायची, दुसऱ्याचा चुंबक उलटा आणि गुंडाळीही उलटी. बाहेरची गुणगुण दोन्ही वेटोळ्यांत शिरते, पण परस्परविरुद्ध होऊन एकमेकींना मारते. तारेचा नाद मात्र दोनदा उलटल्यामुळे सुलटा होतो आणि दुणावतो. गुणगुण थोपवणारा म्हणून याचे नाव हमबकर. विद्यार्थ्याने बटण ओढले तेव्हा त्याने दोनांपैकी एक वेटोळे बंद केले होते, इतकेच.

हे फुकट मिळत नाही. दोन वेटोळी एकाच तारेला दोन ठिकाणी ऐकतात, त्यामुळे वरच्या, बारीक स्वरांशांची धार कमी होते. आवाज जाड आणि गोलसर होतो. एकेरी वेटोळ्याचा काचेसारखा लखलखीतपणा हवा असेल तर गुणगुण सोसावी लागते. आम्ही दोन्ही प्रकार ऐकले. चाळीतल्या त्या खोलीपुरता आमचा कौल हमबकरला गेला.

ज्या विजेची ही गुणगुण, तिचा आणि या परिसराचा संबंध मात्र जुना आहे. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईला वीज येऊ लागली, ती प्रामुख्याने गिरण्यांसाठी. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही भारतातील पहिली विद्युत रेल्वे धावली, ती हार्बर मार्गाने, म्हणजे शिवडीवरूनच. गिरणगावाच्या साहित्यात भोंग्याचा आवाज पुष्कळ आला आहे. विजेची गुणगुण कोणी फारशी लिहिली नाही. ती ऐकू येण्यासाठी वेटोळे लागते.

२

आता घोडीकडे वळू. सतारीच्या वा तानपुऱ्याच्या ज्या भागावरून तारा जातात त्याला आपण घोडी म्हणतो. या गिटारीची घोडी जागच्या जागी पक्की बसवलेली नाही. ती दोन खांबांवर, सुरीसारख्या दोन धारांवर टेकून तोललेली असते. एका बाजूने सहा तारा तिला ओढतात, दुसऱ्या बाजूने गिटारीच्या पोटातल्या स्प्रिंगा. तिला जोडलेला दांडा दाबला की सर्व तारा सैल होऊन स्वर खाली उतरतो. वर उचलला की चढतो.

अशी हलती घोडी १९५४ मध्ये फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीवर आलीच होती. तिची अडचण सतारवाद्याला सांगण्याची गरज नाही. तार जिथे जिथे घासते, तिथे तिथे ती अडकते, आणि ढिली सोडून परत ताणली की मूळ स्वरावर येईलच असे नाही. फ्लॉइड रोझ या अमेरिकी वादकाने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात याचे उत्तर शोधले आणि १९७९ मध्ये त्याला पेटंट मिळाले. त्याने तार दोन्ही टोकांना स्क्रूने आवळून टाकली : घोडीपाशी, आणि मानेच्या टोकाला खुंट्यांच्या अलीकडे. घासायला जागाच उरली नाही. पण मग खुंट्याही निकामी झाल्या. आवळल्यानंतर स्वर किंचित हलवायचा तर कसा? म्हणून पुढे घोडीवरच सहा छोटे स्क्रू आले. तानपुऱ्याच्या घोडीखाली तारेत ओवलेले मणी याच कामाचे आहेत : खुंटीने स्थूल स्वर, मण्याने सूक्ष्म. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर जे पिढ्यान्‌पिढ्या करीत आले, तेच इथे पोलादात केलेले दिसते.

आम्ही दांडा पुरता खाली दाबून सोडला. पाच तारा जागेवर आल्या. तिसरी किंचित उतरलेली राहिली. उजेड पाडून पाहिले तेव्हा घोडीच्या एका धारेवर गंज दिसला. शिवडीला खाडी लागून आहे. पावसाळ्यात इथले लोखंड टिकवणे हे रोजचे काम. शिवाय एक तार तुटली की तोल जाऊन उरलेल्या पाचही बेसूर होतात, आणि पट्टी बदलायची तर कुलुपे उघडून स्प्रिंगांचा ताण नव्याने जुळवावा लागतो. ही घोडी स्वर राखते, पण तो एकच स्वरमेळ राखते. चंचलपणाची हौस आणि स्थैर्याची हमी एकत्र हवी असेल, तर लवचीकपणा सोडावा लागतो.

३

येथे एका नावाची चूक नोंदवली पाहिजे. या दांड्याला ट्रेमोलो म्हणतात, पण ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या जोराचे कमीजास्त होणे. स्वराच्या उंचीतील कंपाला व्हायब्राटो हा शब्द आहे. फेंडरने शब्द चुकीचा वापरला आणि जगाने तो स्वीकारला. आपल्या परिभाषेत हा दांडा आंदोलनाचा आणि मींडेचा आहे : एका स्वरावरून दुसऱ्यावर, मधला प्रदेश न सोडता जाण्याचा.

नावाची अशीच दुसरी चूक शिवडीत रुळलेली आहे, आणि आमच्या विषयाचा गाभा तिथे आहे. लालबाग-परळ-शिवडीच्या गणपतीच्या मिरवणुकीत, गोविंद्यात, लग्नाच्या वरातीत ज्याला बेंजो म्हणतात, ते अमेरिकी बँजो नव्हे. ते बुलबुलतरंग. त्याचे मूळ जपानी तायशोगोतो या वाद्यात आहे, जे १९१२ मध्ये नागोया येथील मोरिता गोरो याने घडवले. टाइपरायटरसारखी बटणे दाबायची की आतल्या तारेवर पडदा बसतो. दुसऱ्या हाताने छेडायचे. गिरणगावात या वाद्यावर पिकअप बसला, ते अँप्लिफायरला आणि भोंग्यांना जोडले गेले, आणि ढोलकी, ताशा, ड्रम यांच्यासह त्याची 'पार्टी' झाली.

पोलादी तार, चुंबक, वेटोळे, अँप्लिफायर : विद्युत गिटारीची व्याख्या जर ही असेल, तर बेंजो तिचा सख्खा भाऊ ठरतो. तरीही मुंबईतील विद्युत तंतुवाद्याचा इतिहास सांगताना आपण १९७० आणि १९७१ च्या सिमला बीट स्पर्धांपासून आरंभ करतो, १९८४ मध्ये स्थापन झालेल्या रॉक मशीनचे, महेश तिनईकरांच्या गिटारवादनाचे, धोबीतलावाच्या रंगभवनातील मैफलींचे नाव घेतो. ते घ्यावेच. पण त्याच काळात त्याच शहरात रस्त्यावर वाजणारी विद्युत तार या इतिहासात येत नाही. २०१६ च्या रवी जाधव दिग्दर्शित 'बँजो' या हिंदी चित्रपटाने तिला नायकपद दिले, पण तिथेही वादकाचा शोध घेत येणारी व्यक्ती न्यूयॉर्कहून यावी लागते.

४

या वगळण्यामागे केवळ वर्गीय तुच्छता आहे असे आम्ही म्हणत नाही. एक सौंदर्यविषयक युक्तिवादही आहे, आणि तो गंभीर आहे. बेंजोतून मींड निघत नाही. बटण दाबले की स्वर ठरलेला. मधला प्रदेश बंद.

हाच आक्षेप एकदा सरकारी निर्णय होऊन बसला होता. मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी घातली. मींड नाही, श्रुती नाहीत, वाद्य परकीय, ही कारणे. ही बंदी १९७१ मध्ये सैल होईपर्यंत तीन दशके गेली. ज्या महाराष्ट्रात नाट्यसंगीत पेटीच्या आधाराने वाढले, तिथे पेटीवादकांच्या एका पिढीला रेडिओचे दार बंद राहिले. युक्तिवाद खोटा नव्हता; पेटीत मींड नाहीच. चूक अशी की परीक्षकांनी उणीव मोजली आणि तिच्या बदल्यात मिळालेले मोजलेच नाही : एका माणसाला गाता गाता साथ करता येणे, दीर्घ टिकणारा स्वर, हवापाण्याने पटकन न बिघडणारी पट्टी.

उलट बाजूचे उदाहरणही आहे. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार आडवी ठेवून, पडदे बाजूला सारून, तारेवर धातूची कांडी फिरवत रागसंगीत वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त ती गिटार मींडेच्या बळावर सन्मानाने बसली. मींड मिळाली, त्यासाठी पडद्यांवर बोटांनी वाजवता येणारे स्वरसमूह सोडावे लागले.

म्हणून आमचे प्रतिपादन असे : वाद्य म्हणजे एक देवघेव. हमबकर निःशब्दता देतो, लखलखाट घेतो. कुलूपबंद घोडी मींड आणि स्थैर्य देते, पट्टी बदलण्याची मोकळीक घेते. बेंजो मींड घेतो. बदल्यात, गाडीवर मांडून, पावसात, गर्दीच्या मध्यभागी, ओळखीची चाल सुरात वाजवण्याची हमी देतो. तोलून ठेवलेली ती नाजूक घोडी विसर्जनाच्या मिरवणुकीत एक तार तुटताच हार मानेल. केवळ 'काय नाही' एवढेच विचारणारी समीक्षा बंदीपर्यंत पोचते. 'कशाच्या बदल्यात नाही' हे विचारले तरच ती मूल्यमापन होते. लावणीला महाकाव्याच्या, वगाला शोकांतिकेच्या मापाने मोजून आपण मराठीतही हा प्रकार केलेला आहे.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी मात्र असा भेद केला नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, रुग्णालये-शाळांभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनातील मैफली त्याखाली थांबल्या. इस्पितळांनी वेढलेल्या परळ-शिवडीत बेंजोलाही तेच बंधन आले. दोघे भाऊ आहेत हे समीक्षकांच्या आधी कायद्याने ओळखले, असे म्हणावे लागते.

विद्यार्थ्याला आम्ही सांगितले : फसला नाहीस. पिकअप चांगले आहेत. घोडीची धार कारागिराकडून साफ करून घे, तेलाचा हात फिरवीत जा, आणि पहिले वर्षभर दांडा काढून ठेव. बोटाने तार ओढून मींड काढायला शीक. तो हसला. त्याचे वडील तरुणपणी मंडळाच्या पार्टीत बेंजो वाजवीत, हे त्याने तेव्हा सांगितले. वाद्य अजून पोटमाळ्यावर आहे. पुढच्या खेपेस ते खाली काढून त्याच अँप्लिफायरला जोडायचे ठरले आहे.