भिंतीवरची आठ नावं

आजची गोष्ट दूरच्या देशातली आहे, अमेरिकेतली. पण ती आहे डायान कार्लसन इव्हान्स या शेतकऱ्याच्या लेकीची. मिनेसोटा राज्यात तिच्या घरी दुधाचा धंदा होता. आई नर्स, म्हणून तीही नर्स झाली आणि सैन्यात भरती झाली.

तेव्हा अमेरिकेची फौज व्हिएतनाममध्ये लढत होती. 1968 साली डायान तिथे गेली, वर्षभर राहिली. आधी भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात, नंतर प्लेइकू इथल्या लष्करी दवाखान्यात. हेलिकॉप्टर उतरलं की हातपाय तुटलेली पोरं स्ट्रेचरवरून आत यायची. मरणाऱ्याचा हात धरून बसणारी ही विशीतली मुलगीच असायची.

घरी परतल्यावर ती याबद्दल कुणाशी बोलली नाही. सांगणार कुणाला? त्या लढाईवर देशातच लोक चिडलेले होते. त्यातून बाई सैनिक असते हेच कुणाच्या ध्यानात नसायचं.

1982 साली राजधानी वॉशिंग्टनमध्ये काळ्या दगडाची लांबलचक भिंत उभी राहिली. तिच्यावर 58 हजारांच्या आसपास मृतांची नावं कोरली आहेत, कोण कधी गेलं त्या क्रमाने. त्यात बायका फक्त आठ, आठही नर्स. त्यांतली शॅरन लेन 8 जून 1969 रोजी गेली. व्हिएतनामी रुग्णांच्या वॉर्डात ती कामावर होती, तिथेच रॉकेट पडलं. वय 25. बाकीच्यांपैकी काही विमान-हेलिकॉप्टरच्या अपघातात गेल्या, काही आजाराने.

1984 साली त्या भिंतीजवळ तीन सैनिकांचा पुतळा बसवला. तिन्ही पुरुष! त्याच वर्षी डायानने काम हाती घेतलं. सुमारे 11 हजार बायका तिथे राबून आल्या होत्या. नेमका आकडा सांगणं अवघड, कारण सरकारने बायकांची नीट नोंदच ठेवली नव्हती. आपल्या कामाची नोंद कशी होते, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

मंजुरी सहज मिळाली नाही. 1987 साली कला आयोगाने नर्सच्या पुतळ्याचा प्रस्ताव फेटाळला. अध्यक्षांचं म्हणणं, एकाला दिलं की सगळेच मागतील, सैन्यातल्या कुत्र्यांसाठीही मागणी आली आहे. बायकांना हे किती लागलं असेल! डायानने आदळआपट केली नाही. गावोगावी भाषणं दिली, पैसे जमवले, संसदेच्या समित्यांपुढे साक्ष दिली. 1988 साली कायदा झाला. पुढच्या वर्षी जागाही मिळाली, भिंतीजवळच.

11 नोव्हेंबर 1993 रोजी स्मारक खुलं झालं. पुतळा घडवणारीही बाईच, ग्लेना गुडएकर. एक बाई जखमी जवानाला मांडीवर सावरून बसली आहे. दुसरी आभाळाकडे बघते आहे. कुणी म्हणतं हेलिकॉप्टरची वाट बघते, कुणी म्हणतं देवाची. तिसरी गुडघ्यावर बसून हातातल्या रिकाम्या शिरस्त्राणाकडे बघते.

त्या दिवशी देशभरातून नर्सा आल्या. कित्येकींनी इतक्या वर्षांत घरातही तोंड उघडलं नव्हतं. गर्दीतले जुने जवान पुढे होऊन त्यांचे आभार मानत होते. स्मारकाभोवती आठ झाडं लावली आहेत, भिंतीवरच्या त्या आठ जणींसाठी.