पाळण्याच्या कठड्याची गोष्ट

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीच्या रस्त्याला लागलं, की कोन येतं. मी तिथली. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा जावयांनी बाळासाठी उभ्या दांड्यांच्या कठड्याचा लाकडी पलंग पाठवला. भिवंडीजवळ राहून कापडाला काय तोटा! मी मऊ सुती कापड आणलं, आत कापूस भरला आणि कठड्याला आतून चारी बाजूंनी बांधायची गादी शिवली. दुकानात तिला ‘बंपर’ म्हणतात. लेक म्हणाली, “आई, सुंदर झालंय गं, पण बाळाजवळ हे बांधू नकोस.” मला राग आला, वाईटही वाटलं. बाळाचं डोकं दांड्यावर आपटू नये, एवढंच तर माझ्या मनात होतं. मग ही वस्तू मुळात आली कुठून, हे मी शोधू लागले.

माझ्या लहानपणी हे नव्हतंच. जुन्या लुगड्याची झोळी आढ्याला टांगलेली असे. भातलावणीच्या दिवसांत तीच झोळी बांधावरच्या झाडाला बांधली जाई. झोळीला दांडे नाहीत, त्यामुळे बंपरची गरजही नाही. बंपरला आधी कठडा लागतो. म्हणून त्याची गोष्ट आपल्याला अमेरिकेत घेऊन जाते.

तिथल्या जुन्या पलंगांच्या दांड्यांमध्ये पुष्कळ अंतर असे. बाळ पायांकडून फटीतून सरकायचं, धड बाहेर यायचं आणि डोकं आतच अडकून गळा आवळला जायचा. ती फट बंपरने बुजवता येई. पुढे सरकारने मूळ दुखण्यालाच हात घातला. १९७३ साली नियम झाला आणि १९७४ पासून लागू झाला : दोन दांड्यांमध्ये सुमारे सहा सेंटिमीटरांहून जास्त अंतर नको. एवढ्या फटीतून बाळाचं धड जात नाही.

म्हणजे दुखणं बरं झालं, औषध मात्र घरात राहिलं. त्यावर ससे आले, बदकं आली, चादरीशी जुळणारे रंग आले. ती शोभेची वस्तू झाली.

त्या शोभेची किंमत २००७ साली उजेडात आली. डॉ. ब्रॅडली थॅच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ ते २००५ या काळातल्या नोंदी तपासल्या. बंपरशी संबंधित २७ बालमृत्यू सापडले. कुणाचं तोंड मऊ गादीत दबलं, कुणी गादी आणि बंपरच्या मध्ये अडकलं, तर तिघांच्या गळ्याला नाडीचा फास बसला. लहानग्याला मान वळवून नाक मोकळं करता येत नाही. कठड्यावर आपटून येणारं टेंगूळ बरं होतं. कोंडलेला श्वास परत येत नाही. २०११ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बंपर वापरूच नका, असं सांगितलं. २०२२ साली तिथे कायदाच झाला आणि गादीदार बंपरची विक्री बंद झाली. कापूस वा फोम नसलेलं पातळ जाळीचं कापड तेवढं त्यातून वगळलं.

इथे आपण ‘आमचं जुनंच बरं’ म्हणून मोकळे होतो. मीही तेच म्हणणार होते. पण डोकं गोल व्हावं म्हणून आपण ठेवतो ती मोहरीची उशी, पायथ्याची जाड गोधडी, बाजूचे लोड, यांनाही तोच नियम लागू पडतो. झोळीतसुद्धा बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट अडू शकते. बाळाला उताणं निजवावं, खाली सपाट, घट्ट गादी आणि ताणून बसवलेली चादर असावी. बाकी काहीही नको. बाळाचा पलंग मात्र आईच्या खोलीतच हवा. हा आजचा सल्ला आहे.

शेवटी मी शिवणकामाची टेप घेतली आणि कठड्याच्या दांड्यांमधलं अंतर मोजलं. साडेपाच सेंटिमीटर! मग बंपर उसवलं. कापसाची माझ्या खुर्चीसाठी उशी झाली, कापडाची नातीला दोन झबली. पलंग रिकामा दिसतो, हे खरं. पहिल्या रात्री तो मला ओकाबोका वाटला. आत नात उताणी, हात पसरून झोपली होती. तिच्या नाकाजवळ काहीच नव्हतं.