तारामतीची भूमिका आणि दुर्गाबाई खोटे

मंडळाच्या स्मरणिकेत आजवर जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांची चरित्रे आली, आणि ती यावयासच हवीत. यंदा मी एका सिनेनटीवर लिहिणार म्हटल्यावर एकदोघी मैत्रिणींनी नाक मुरडले. "नटीत काय आहे चरित्र लिहिण्यासारखे?" असे त्या म्हणाल्या. भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर द्यावे म्हणूनच हा लेख.

प्रथम थोडे मागे जाऊ. दादासाहेब फाळके यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला. तारामतीच्या कामासाठी त्यांनी पुष्कळ शोध केला, पण एकही स्त्री मिळेना. ज्यांना समाजाने आधीच वाळीत टाकले होते, त्या वस्तीतल्या बायकांनीही नकार दिला. अखेर मुंबईच्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाने लुगडे नेसून तारामती उभी केली. त्याच वर्षी फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या खऱ्या, पण त्या नाटकमंडळीतल्या. घरंदाज म्हणविणाऱ्या कुटुंबांची दारे बंदच राहिली.

ती उघडणाऱ्यांत दुर्गाबाई खोटे अग्रणी. त्यांचा जन्म 14 जानेवारी 1905 रोजी मुंबईस झाला. माहेरचे आडनाव लाड. वडील सॉलिसिटर, घरी सुबत्ता, मुलीला इंग्रजी शाळा आणि पुढे सेंट झेवियर्स कॉलेज. लग्न होऊन त्या खोट्यांच्या श्रीमंत घरात गेल्या. बकुळ आणि हरीन असे दोन मुलगे झाले. पण लक्ष्मी चंचल म्हणतात ते खोटे नाही. सासरचा पैसा गेला आणि ज्या घरात नोकरचाकर होते तिथे उद्याचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. पुढे पतीही अकाली गेले. माहेरी किंवा सासरी कोणाच्या तरी आश्रयाने दिवस काढणे त्यांना अवघड नव्हते. परंतु मुलांना घेऊन मिंधेपणाने राहावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले.

1931 साली 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांनी एक लहानसे काम केले. चित्रपट सुमार निघाला आणि बाईंना बोल मात्र भरपूर लागले. एवढ्या मोठ्या घरची सून तोंडाला रंग लावते, याची मुंबईभर चर्चा झाली. दुसरी एखादी तिथेच थांबली असती. पण कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचे व्ही. शांताराम यांनी 'अयोध्येचा राजा' साठी विचारले, आणि त्या गेल्या. 1932 सालचा हा मराठीतला पहिला बोलपट. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, आणि तारामती दुर्गाबाई. त्या काळी मागून दुसऱ्याने गाण्याची सोय नव्हती, म्हणून गाणीही नटीनेच म्हणावयाची. हाच चित्रपट हिंदीतही निघाला, तेव्हा भूमिका दोन्ही भाषांत करावी लागली.

योगायोग पाहा. ज्या तारामतीसाठी 1913 साली बाई मिळाली नाही, तीच तारामती 19 वर्षांनी एका शिकलेल्या, घरंदाज बाईने केली, आणि तीही स्वतःच्या लेकरांच्या पोटासाठी. पोटच्या मुलासाठी राबणारी राणी पडद्यावर पाहून लोक रडले. कालपर्यंत नावे ठेवणारे आता नाव घेऊ लागले.

पुढे प्रभात कंपनी 1933 साली आपल्या पुण्यास आली. येथे 1936 साली 'अमरज्योती' निघाला. त्यात दुर्गाबाईंची सौदामिनी आहे. बायको म्हणजे नवऱ्याची दासी, असे सांगून राजदरबार तिला तिच्या मुलाचा ताबा नाकारतो, तेव्हा ती समुद्रावर जाऊन बंड पुकारते. त्या काळात असे बोलणारी बाई पडद्यावर आणणे ही साधी गोष्ट नव्हे.

नटनट्यांनी एकाच कंपनीत पगारावर राहावे, अशी तेव्हा रीत होती. बाईंनी ती मानली नाही. जिथे चांगले काम, तिथे त्या गेल्या, अगदी कलकत्त्यापर्यंत. 1937 साली 'सवंगडी' या चित्रपटाची निर्मिती त्यांनी स्वतः केली. आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी' (1941) मधली त्यांची खाष्ट सासू पाहून किती सुनांनी पदर डोळ्यांना लावला असेल! 'भरत भेट' (1942) मध्ये त्या कैकेयी झाल्या, 'मुघल-ए-आझम' (1960) मध्ये जोधाबाई. मराठी रंगभूमीचीही त्यांनी मोठी सेवा केली. 1968 साली पद्मश्री मिळाली. 1974 च्या 'बिदाई' तल्या कामाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या. आमच्या लहानपणी दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया' लागे, ती मालिकाही त्यांच्याच संस्थेची.

त्यांच्या वाट्याला सुखच आले असे नाही. धाकटा मुलगा हरीन तरुणपणीच गेला. त्याची पत्नी म्हणजे नाट्यदिग्दर्शिका विजयाबाई मेहता. एवढा घाव सोसूनही बाई काम करीत राहिल्या. 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचे आत्मचरित्र वाचनालयातून आणून अवश्य वाचावे. 22 सप्टेंबर 1991 रोजी त्यांचे देहावसान झाले.

आता मैत्रिणींच्या प्रश्नाकडे वळते. आपल्या मुळशीतल्या मुली आणि सुना आज हिंजवडीस, पिरंगुटास कामाला जातात. एखादीला यावयास रात्र झाली की ओट्यावर कुजबूज सुरू होते. ती कोणासाठी राबते, हे विचारण्याआधी ती कुठे होती, हे विचारले जाते. दुर्गाबाईंनाही लोकांनी आधी हेच विचारले होते. त्यांनी वाद घातला नाही, काम चोख केले आणि मुले वाढविली.

1983 साली सरकारने त्यांना चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च मान दिला. त्या पुरस्काराला नाव आहे दादासाहेब फाळके यांचे, ज्यांना तारामतीसाठी एक बाई मिळाली नव्हती. यापेक्षा वेगळे उत्तर मला देता येत नाही. पुढच्या वेळी कोणाची लेक उशिरा परतली, तर ओट्यावरून तिला "जेवलीस का गं?" एवढेच विचारू या.