विहिरीच्या पाण्यातील लोह: घरगुती फिल्टरची निवड आणि उभारणी

जांभ्या दगडाच्या प्रदेशात विहीर वा कूपनलिका असलेल्या अनेक घरांची तक्रार एकसारखीच असते. उपसताना पाणी नितळ दिसते, पण बादलीत रात्रभर राहिले की त्यावर पिवळसर झाक येते आणि तळाशी तांबूस गाळ बसतो. न्हाणीघराची फरशी लालसर होते, पांढऱ्या कपड्यांवर डाग पडतात, चहा काळपट होतो आणि भाताला पिवळटपणा येतो. उपाय म्हणून फिल्टर बसवला जातो. मात्र काही महिन्यांतच डाग परततात आणि खर्च वाया गेल्याची भावना उरते. अशा अपयशामागे पुष्कळदा फिल्टरचा दोष नसतो. पाणी न तपासता केलेली निवड त्याला कारणीभूत असते. विरघळलेले लोह कोणत्याही जाळीतून वा वाळूतून गाळले जात नाही. त्याचे आधी घनकणांत रूपांतर व्हावे लागते, आणि ते होईल की नाही हे मुख्यतः पाण्याच्या आम्लतेवर ठरते.

लोह पाण्यात येते कसे

जांभ्या दगडाला तांबडा रंग देणारे लोहाचे ऑक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. परंतु जमिनीखाली जेथे हवा पोहोचत नाही आणि सेंद्रिय द्रव्य कुजत असते, तेथे हेच लोह फेरस रूपात जाते व विरघळते. त्यामुळे हवेशी सतत संपर्क असलेल्या उघड्या विहिरीपेक्षा कूपनलिकेच्या पाण्यात विरघळलेले लोह अधिक असण्याची शक्यता असते. पाणी वर आले, त्यात प्राणवायू मिसळला, की फेरस लोहाचे अविद्राव्य फेरिक रूप बनते. बादलीच्या तळाशी दिसणारा गाळ तोच.

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा या तालुक्यांत लोहखनिज असल्यामुळे पहिला संशय खाणींकडे जातो. खाणीतून वाहून येणारी माती पाणी गढूळ करते हे खरे. तथापि विरघळलेले लोह खाण नसलेल्या गावांतही आढळू शकते. गढूळपणा आणि विरघळलेले लोह हे दोन भिन्न प्रश्न असून त्यांचे उपायही भिन्न आहेत.

तिसरी शक्यता घरातच असते. जांभ्या भागातील विहिरींचे पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते. असे पाणी जुन्या लोखंडी जलवाहिन्यांना आतून खाते. विहिरीत लोह नगण्य आणि नळाला मात्र लालसर पाणी, असे चित्र असेल तर उपाय फिल्टर नव्हे; वाहिनी बदलणे हा आहे.

किती लोह चालते

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या पेयजल मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत लोहाची मर्यादा प्रतिलिटर ०.३ मिलिग्रॅम होती. नंतरच्या दुरुस्तीने ती १.० मिलिग्रॅम करण्यात आली. डाग पडणे आणि चव बदलणे हे मात्र ०.३ मिलिग्रॅमच्या आसपासच सुरू होते. सर्वसाधारणपणे आढळणाऱ्या प्रमाणात लोह हा आरोग्यापेक्षा रंग, चव आणि गाळ यांचा प्रश्न ठरतो.

त्याचा एक अप्रत्यक्ष परिणाम मात्र गंभीर आहे. विहीर निर्जंतुक करण्यासाठी दर १,००० लिटर पाण्यास सुमारे २.५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर हे प्रमाण रूढ आहे. त्यातून प्रतिलिटर जेमतेम ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. दर १ मिलिग्रॅम विरघळलेले लोह सुमारे ०.६४ मिलिग्रॅम क्लोरीन खर्च करते. म्हणजे २ मिलिग्रॅम लोह असलेल्या पाण्यात नेहमीची मात्रा लोहावरच संपते. जंतूंसाठी काहीच उरत नाही. पावडर टाकली म्हणजे पाणी सुरक्षित झाले, ही समजूत अशा विहिरीबाबत धोक्याची आहे.

खरेदीपूर्वीची तपासणी

प्राथमिक अंदाज घरीच घेता येतो. पंप दहा मिनिटे चालवून दोन पारदर्शक बाटल्या भराव्यात. पाणी भरतानाच लालसर असेल तर लोह घनरूपात आहे. नितळ असून काही तासांनी गाळ बसला तर ते विरघळलेले होते. एक दिवस उलटूनही पाणी गाळ न बसता चहासारख्या रंगाचे राहिले, तर लोह अतिसूक्ष्म कणांत किंवा सेंद्रिय द्रव्याशी बांधलेले असण्याचा संभव आहे. साधा फिल्टर तेथे अपुरा पडतो.

आम्लधर्मी पाण्यात ही चाचणी फसवी ठरू शकते, कारण लोह असूनही पाणी बराच काळ नितळ राहते. म्हणून दुसऱ्या बाटलीत चिमूटभर खाण्याचा सोडा घालून ती हलवावी. सोड्याची बाटली लवकर तांबूस झाली आणि साधी बाटली तशीच राहिली, तर अडसर आम्लतेचा आहे हे स्पष्ट होते.

फ्लशच्या टाकीत आतून तपकिरी, बुळबुळीत थर असेल तर तो लोहजीवाणूंचा असू शकतो. हे जीवाणू रोगकारक मानले जात नाहीत, परंतु वाहिन्या आणि फिल्टरचे माध्यम तुंबवतात. अशा वेळी विहीर उपसून स्वच्छ करणे आणि जाणकाराच्या देखरेखीखाली वाढीव मात्रेने क्लोरीन देणे हे काम फिल्टर बसवण्यापूर्वी उरकावे.

घरगुती चाचणी प्रयोगशाळेची जागा घेत नाही. जलजीवन मिशनअंतर्गत शासकीय जलचाचणी प्रयोगशाळा सर्वसामान्यांसाठीही खुल्या करण्यात आल्या आहेत. एनएबीएल मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळेचाही पर्याय आहे. एकूण लोह, विरघळलेले लोह, मँगनीज, सामू म्हणजेच पीएच, क्षारता, कठीणपणा, एकूण विद्राव्य घटक, गढूळपणा आणि कोलिफॉर्म जीवाणू एवढ्या बाबी अहवालात असाव्यात. एक नमुना विहिरीजवळ आणि दुसरा घरातील नळाचा घेतला, तर जलवाहिनीचा दोष उघड होतो. सामू शक्य तो जागेवरच मोजावा, कारण बाटलीत ठेवलेल्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि आकडा बदलतो. उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्यानंतर, अशा दोन चाचण्या झाल्यास निवड अधिक नेमकी होते.

कोणते पाणी, कोणता फिल्टर

सामू एका अंकाने वाढला की हवेमुळे होणाऱ्या लोहाच्या ऑक्सिडीकरणाचा वेग सुमारे शंभरपट वाढतो. सामू ७.५ असलेल्या पाण्यात काही मिनिटांत होणारे काम ६ च्या आसपास अतिशय मंदावते. मैदानी प्रदेशातील एखाद्या घरी उत्तम चालणारा फिल्टर कोकणपट्टीत निकामी ठरतो, याचे उत्तर येथे सापडते.

सामू ७ पेक्षा अधिक आणि लोह मध्यम असेल, तर पाणी हवेत फवारून टाकीत सोडणे, काही वेळ निवू देणे आणि वाळूच्या थरातून गाळणे हा सर्वांत साधा मार्ग होय. १ मिलिग्रॅम लोहास केवळ ०.१४ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. चांगला फवारा तो सहज पुरवतो. फवाऱ्यामुळे विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही उडून जातो आणि सामू काही प्रमाणात वर येतो.

सामू ६.८ च्या खाली असेल तर आधी आम्लता कमी करणे अपरिहार्य आहे. त्यासाठी कॅल्साइटचे, म्हणजे शुद्ध चुनखडीच्या खड्यांचे, माध्यम वापरतात. पाणी त्यातून जाताना खडे हळूहळू विरघळतात आणि सामू वाढतो. खडे झिजत असल्याने त्यांची वेळोवेळी भर घालावी लागते, आणि पाण्याचा कठीणपणा थोडा वाढतो.

मँगनीज ऑक्साइडयुक्त माध्यमे ऑक्सिडीकरणाला वेग देतात आणि बनलेले कण अडवतात. यांतील लेप दिलेल्या हलक्या माध्यमांना साधारण ६.८ च्या वर सामू आणि पाण्यात पुरेसा प्राणवायू लागतो. काही माध्यमांना क्लोरीन चालत नाही. नैसर्गिक मँगनीज डायऑक्साइड टिकाऊ असते, पण जड असल्यामुळे धुताना पाण्याचा मोठा जोर मागते. ‘लोह काढणारे माध्यम’ एवढ्या उत्तरावर ग्राहकाने समाधान मानू नये. माध्यमाचे नाव आणि त्याच्या अटी लेखी मागाव्यात.

क्लोरीनची मात्रा देऊन लोह घन करणे हा तिसरा मार्ग. तो कमी सामूतही बऱ्यापैकी चालतो आणि लोहजीवाणूंनाही आवर घालतो; मात्र मात्रा देणारा पंप, संपर्कासाठी टाकी, वाळूचा फिल्टर आणि उरलेला क्लोरीन काढण्यासाठी सक्रिय कोळसा अशी साखळी उभारावी लागते.

सॉफ्टनर थोडे विरघळलेले लोह पकडतो, पण कालांतराने त्याचे रेझिन लोहाने माखते. मृदू पाण्याच्या घरी तर त्याचे मूळ प्रयोजनच नसते. आरओ यंत्राचे पटल लोहाने लवकर तुंबते. यूव्ही दिव्याच्या काचनळीवर लोहाचा थर बसला की किरण पाण्यापर्यंत पोहोचत नाहीत. ही उपकरणे लोह काढल्यानंतरच्या टप्प्यावर शोभतात, त्याऐवजी नव्हेत.

आकाराचा हिशेब

फिल्टरची क्षमता टाकीच्या उंचीवरून ठरत नाही. ती आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. २५ सेंटिमीटर व्यासाच्या टाकीचे क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस सेंटिमीटर भरते. ताशी १० मीटर या मध्यम वेगाने तिच्यातून मिनिटाला साधारण ८ लिटर पाणी गाळले जाते. माध्यम धुण्यासाठी, म्हणजे बॅकवॉशसाठी, पाणी उलट दिशेने अधिक वेगाने सोडावे लागते: हलक्या माध्यमास ताशी सुमारे २५ मीटर, म्हणजे मिनिटाला २० लिटर, जड मँगनीज डायऑक्साइडला ताशी ६० मीटर, म्हणजे मिनिटाला जवळपास ५० लिटर. घरचा पंप तेवढे पाणी देत नसेल तर माध्यम कधीच नीट धुतले जाणार नाही. पंपाचा प्रवाह मोजणे सोपे आहे: २० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते घड्याळावर पाहावे.

गाळाचाही हिशेब मांडता येतो. दिवसाला ६०० लिटर पाणी वापरणाऱ्या घरी ३ मिलिग्रॅम लोह असेल, तर महिन्याला ५४ ग्रॅम लोह फिल्टरमध्ये अडकते. त्याचा कोरडा गाळ सुमारे १०० ग्रॅम भरतो आणि ओला असताना तो कितीतरी फुगलेला असतो. तो बाहेर काढला नाही, तर माध्यम काही महिन्यांत घट्ट होते.

उभारणी

छतावरील टाकी फिल्टरपेक्षा ३ मीटर उंच असेल तर तिचा दाब अवघा ०.३ बार असतो. बंद टाकीच्या फिल्टरला, विशेषतः धुताना, तो पुरत नाही. म्हणून असा फिल्टर पंप आणि छतावरील टाकी यांच्या दरम्यान बसवणे श्रेयस्कर. पंपाचा प्रवाह गाळण्याच्या क्षमतेहून अधिक असेल, तर व्हॉल्व्हने तो आवरावा किंवा मोठ्या व्यासाची टाकी घ्यावी. फवारा पद्धतीत क्रम असा राहतो: पंप, फवारा, निवण्याची टाकी, फिल्टर आणि शेवटी साठवण टाकी.

जागा सपाट, भक्कम आणि ऊन-पावसापासून आडोशाची असावी. फिल्टरच्या आधी व नंतर एकेक नमुना-नळ आणि दाबमापक बसवावा. दुरुस्तीच्या वेळी घराचे पाणी अडू नये यासाठी तीन व्हॉल्व्हची बगलवाहिनी ठेवावी. नव्या जोडण्या यूपीव्हीसी वा सीपीव्हीसीच्या असाव्यात.

माध्यम भरताना मधल्या नळीचे तोंड चिकटपट्टीने बंद करून ती बरोबर मध्यभागी धरावी. टाकीत निम्मे पाणी घ्यावे, तळाशी खडीचा थर द्यावा आणि मग माध्यम सावकाश ओतावे. वर सुमारे एकतृतीयांश जागा रिकामी सोडावी, म्हणजे धुताना माध्यमाला फुगण्यास वाव राहतो. रात्रभर भिजू दिल्यानंतर पाणी नितळ येईपर्यंत बॅकवॉश करावा आणि मगच घराची जोडणी उघडावी.

धुण्याचे लाल पाणी पुन्हा विहिरीकडे झिरपू नये. विहिरीपासून दूर शोषखड्डा घ्यावा. क्लोरीन किंवा परमँगनेट वापरले नसेल तर ते पाणी माडांच्या अळ्यांतही सोडता येते. निचऱ्याची नळी गटाराच्या पाण्यात बुडवू नये.

निगा आणि खातरजमा

आठवड्याभराच्या वापरानंतर दोन्ही नमुना-नळांचे पाणी पुन्हा तपासावे. लोह ०.३ मिलिग्रॅमच्या आत आले तर निवड योग्य ठरली. विक्रेत्याशी व्यवहार करतानाच या चाचणीची अट लेखी घालणे हिताचे. त्यानंतर दोन दाबमापकांतील फरक वाढू लागला की बॅकवॉशची वेळ झाली असे समजावे. बहुतेक घरांत तो आठवड्यातून एक-दोनदा लागतो. हलक्या माध्यमाच्या वरील टाकीस दहा मिनिटांच्या धुण्यात २०० लिटर पाणी जाते, हे उन्हाळ्यातील टंचाईत ध्यानात ठेवावे.

लोह-फिल्टर जंतू मारत नाही. सेप्टिक टाकी जवळ असलेल्या विहिरीचे पाणी फिल्टरनंतर कितीही नितळ दिसले, तरी पिण्यासाठी ते उकळावे किंवा निर्जंतुक करावे. फिल्टर नीट चालत असेल तर क्लोरीनची मात्रा लोहावर वाया जात नाही आणि यूव्हीचा दिवाही स्वच्छ राहतो. त्यामुळे निर्जंतुकीकरण भरवशाचे होते. डागरहित फरशीपेक्षा हा लाभ मोठा आहे.